दोघांपुरती मोटार

वयाच्या ६२ व्या वर्षी माणसाने काय विकत घ्यावे, याविषयी आपल्या समाजात बरेच एकमत आहे. गावाकडच्या विहिरीवर नवा पंप बसवावा, नातवंडांच्या नावे काही रक्कम बँकेत ठेवावी, फार तर नवराबायकोने काशी-रामेश्वर करून यावे. मी मात्र दोन माणसांची, कापडी टपाची, जुनी स्पोर्ट्स मोटार घ्यावयाचे ठरवले. एका रविवारी जेवणे आटोपल्यावर ही गोष्ट मी घरात जाहीर केली. क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग धाकट्या नातीने बोटांवर हिशेब केला आणि विचारले, "आजोबा, आपण सात जण आहोत. मग बाकीचे पाच कुठे बसणार?"

या प्रश्नाला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. नांदेडच्या एका शाळेत मी ३१ वर्षे गणित शिकवले. पण सातातून दोन वजा करण्याचे हे उदाहरण मला असे कधी कोणी घातले नव्हते.

मोटारींचे वेड मला लहानपणापासून आहे. गाडी नव्हे, वेड. वाचनालयात येणाऱ्या जुन्या मासिकांतून मी मोटारींची माहिती वाचीत असे, वहीत टिपून ठेवीत असे. कोणत्या गाडीचे इंजिन केवढे, कोणती कोणत्या साली निघाली, हे मला तोंडपाठ असे आणि त्याचा कोणालाही काडीचा उपयोग नसे. निवृत्तीनंतर मुलीचे लग्न, घराचा वरचा मजला, औषधपाण्याची सोय हे सारे बाजूला काढल्यावर ३ लाख रुपये उरले. हे ३ लाख माझ्या हौशीचे होते, आणि त्यावरचा एक रुपयाही हौशीचा नव्हता. मर्यादा अशी स्वच्छ आखलेली होती.

ज्या मुलखात आम्ही राहतो तेथे अशी हौस शोभते काय, हा प्रश्न मला पडला नाही असे नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले होते. स्टेशनात उभ्या असलेल्या त्या टाक्यांच्या रांगेकडे पाहणाऱ्या माणसाने हौशीची मोटार घ्यावी काय? मी बराच विचार केला, आणि माझ्यापुरते उत्तर असे काढले, की हौस हे पाप नव्हे; मात्र तिचा खर्च हौस करणाराने स्वतः सोसला पाहिजे. हे उत्तर मला त्या वेळी फार सोपे वाटले. ते किती अवघड आहे हे पुढे कळले, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

दोन माणसांची गाडी आपल्याकडे दुर्मिळ. तसे पाहिले तर मराठी माणसाच्या हातून अशी गाडी फार लवकर तयार झाली होती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवली, आणि तिचा पहिला नमुना दोनच माणसांचा होता. पण ती स्पोर्ट्स मोटार नव्हे. सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हे त्यांचे स्वप्न होते, आणि ते कारखान्यापर्यंत पोहोचले नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' निघाली. फायबरचे अंग, कापडी टप, रेनो कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन. ही खरी आमच्या जातीची गाडी. पण ती थोड्याच संख्येने निघाली आणि आता नवी मिळत नाही. २०१२ साली दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली. ती आमच्यासारख्याने चौकशी करण्याजोगीही नव्हती. माझदा कंपनीची १९८९ साली निघालेली दोन माणसांची गाडी जगभर १० लाखांहून अधिक खपली, पण आपल्या देशात ती कंपनीने विकायला आणलीच नाही. राहिल्या जर्मन गाड्या. त्यांतल्या एखाद्या जुन्या गाडीची किंमत ऐकून मोह होतो. परंतु येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: गाडी जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. ५० लाखांची गाडी ८ लाखांना मिळाली तरी तिचे सुटे भाग ५० लाखांच्या गाडीचेच असतात. ज्याला ती नवी घेणे परवडले नसते, त्याला बहुधा ती जुनीही परवडत नाही.

म्हणून मी काही नियम केले होते. हातातल्या रकमेपैकी फार तर दोनतृतीयांश रक्कम खरेदीत घालावयाची. बाकीची टायर, ब्रेक, कागदपत्रे, विमा यांसाठी राखावयाची. फायबरचे अंग गंजत नाही या समाधानात राहावयाचे नाही, कारण त्याच्या खालचा सांगाडा लोखंडाचा असतो. तेव्हा पाठीवर झोपून खालून पाहावयाचे. पायाखालची सतरंजी उचलून पाहावयाची, कारण फाटक्या टपातून आलेले पाणी तेथे साचते. इंजिन थंड असताना सुरू करावयास सांगावयाचे, कारण गरम इंजिन पुष्कळ दोष लपवते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबराचे वय तेथेच कळते. चासीच्या नंबराची कागदावर पेन्सिलीने छाप घेऊन ती आर.सी. पुस्तकाशी ताडून पाहावयाची. गाडीवर कर्ज उरले नाही ना, हे पाहावयाचे. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी पुन्हा करून घ्यावी लागते, ती केली आहे काय हे विचारावयाचे.

या साऱ्या नियमांचा मथितार्थ एकच: विकणारावर विश्वास ठेवू नये. आमच्या मराठवाड्यात हे ज्ञान मोटारींच्या फार आधीचे आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल यांचा तो केवढा तरी बाजार असतो. वडिलांबरोबर मी लहानपणी तेथे जात असे. बैलाचे तोंड उघडून दात पाहावेत, तो दोन दाती, चार दाती की सहा दाती हे ठरवावे, त्याला चालवावे, वळवावे, खांद्यावर हात फिरवावा, अंगावर एकदम छत्री उघडावी. सौदा बोलून होत नसे. दलाल रुमालाखाली दुसऱ्याचा हात धरी आणि बोटांनी भाव सांगे. भोवती शंभर माणसे असोत, त्या रुमालाखाली दोनच हात असत. लहानपणी मला त्याची फार गंमत वाटे.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच गोष्टीवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत खोड असलेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. निबंध या लिंबांवर होता. विषय क्षुल्लक म्हणा, दुसरे काही म्हणा, तीन मासिकांनी तो परत केला होता. पुढे २००१ साली अकेरलॉफला आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी चांगली की वाईट हे विकणाराला ठाऊक असते, घेणाराला नसते. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही. मग बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी उतरतो, आणि शेवटी लिंबेच उरतात. एकाच्या लबाडीने दुसऱ्या प्रामाणिक माणसाला बाजारातून उठावे लागते. याच निबंधात हिंदुस्थानातल्या गृहिणीचाही उल्लेख आहे. बाजारच्या तांदळात मुद्दाम घातलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे तिला निवडीत बसावे लागते, असे तो सांगतो. हे वाचून मी आमच्या सौभाग्यवतीला ते सांगितले होते. ती म्हणाली, "हे कळायला त्याला नोबेल लागलं का?"

एवढी तयारी करून मी विकणाराच्या लबाडीसाठी सज्ज होऊन बसलो होतो. घडले ते वेगळेच.

गेल्या वर्षी भाद्रपदात लातूरच्या माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "अण्णा, तुम्ही म्हणता तसली एक गाडी इथं आहे. मालक वारले तीन वर्षांपूर्वी. बाईंना काढायची आहे." मी दुसऱ्याच दिवशी गेलो. गाडीचे नाव येथे सांगत नाही. अशा गाड्या इतक्या थोड्या, की नावावरून घर ओळखू येईल. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ताडपत्रीखाली ती उभी होती. बॉनेटवर तुरीची दोन पोती ठेवलेली. टपाला उंदरांनी जागजागी भोके पाडलेली. चारही टायर तडकलेले. परंतु मी पाठीवर झोपून खाली पाहिले, तो सांगाडा जसाच्या तसा. इंजिन अडकलेले नव्हते. मीटरवर अवघे ३१ हजार किलोमीटर. मालकांनी प्रत्येक दुरुस्तीची पावती एका वहीत चिकटवून ठेवली होती. खोड म्हणून नव्हती.

घरच्या बाई माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असतील. मी त्यांना ताई म्हणत होतो, त्या मला भाऊ म्हणत होत्या. त्या म्हणाल्या, "भंगारवाला ५० हजार म्हणतो. तुम्ही ८० द्या आणि घेऊन जा, भाऊ. जागा तरी मोकळी होईल."

अशा गाडीला अशा स्थितीतही २ लाखांच्या आसपास किंमत येते, हे मला ठाऊक होते. गेली दोन वर्षे मी दुसरे काही वाचीतच नव्हतो. मी टपाची भोके दाखवली, टायरच्या भेगा दाखवल्या, नोंदणीची मुदत संपल्याचे सांगितले. मग म्हणालो, "ठीक आहे ताई, ८० देतो." ५ हजार रुपये इसार दिला. त्यांनी चहा केला, चिवडा दिला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या दुपारी मी एकही खोटे वाक्य बोललो नाही. फक्त खऱ्या वाक्यांतून निवड केली.

संध्याकाळच्या एस.टी.ने नांदेडला निघालो. लातूर-नांदेड हा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता. चाकूर जाईपर्यंत मी आनंदात होतो. ३ लाखांतले २ लाख २० हजार शिल्लक. टप नवा, टायर नवे, वर रंगसुद्धा होईल. अहमदपूरच्या पुढे मात्र मी स्वतःशीच वाद घालू लागलो. आणि ज्या माणसाची बाजू बरोबर असते तो सहसा स्वतःशी वाद घालीत नाही.

पहिला मुद्दा कायद्याचा. १८७२ च्या आपल्या कराराच्या कायद्यात १७ वे कलम फसवणुकीचे आहे. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे ते सांगते, आणि त्याखाली उदाहरण घोड्याचे दिले आहे. एकाने लिलावात सदोष घोडा विकला, दोषाविषयी अवाक्षर काढले नाही. ही फसवणूक नव्हे. आणखी एक उदाहरण व्यापाऱ्यांचे आहे: भाव बदलल्याची खाजगी बातमी एकाला कळली, तर ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही. म्हणजे कायदा माझ्या बाजूला होता.

दुसरा मुद्दा श्रमाचा. मला जे माहीत होते ते मी फुकट मिळवले नव्हते. वर्षानुवर्षे वाचले, टिपले, लक्षात ठेवले. वैद्य आपल्या ज्ञानाचे पैसे घेतो, वकील घेतो. मग माझ्या ज्ञानाचे मोल मी का घेऊ नये? लातूरच्या आडत बाजारात तुरीचे भाव आज काय आणि उद्या काय होतील, याच ज्ञानावर माणसे पेढ्या चालवतात.

तिसरा मुद्दा सर्वांत गोड होता. मी काही धनिक नव्हे. निवृत्त शिक्षक. मजजवळ मोजके पैसे. कोणी कारखानदार असता तर गोष्ट वेगळी. माझ्यासारख्याने दोन पैसे वाचवले तर त्यात काय बिघडले?

पहिल्या दोन मुद्द्यांना उत्तर सापडायला फार वेळ लागला नाही. वैद्य ज्ञानाचे पैसे घेतो हे खरे, पण तो ते ज्ञान रोग्याला देऊन घेतो, रोग्यापासून लपवून नव्हे. आडत बाजारात दोघेही व्यापारी असतात. आज एकाला बातमी आधी कळते, उद्या दुसऱ्याला. तो खेळ दोघांनी मान्य केलेला असतो. त्या बाई कोणत्याही खेळात उतरल्या नव्हत्या. त्यांना खोलीतली जागा मोकळी करावयाची होती. आणि कायद्याचे म्हणाल, तर त्याच कलमाखाली घोड्याचे दुसरे उदाहरण आहे, ते मी सोयीने विसरलो होतो. घोडा घेणारी जर विकणाराची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कारण त्यांच्यातले नातेच तसे आहे. तेच घोडे, तेच मौन. परक्यापाशी चालते, मुलीपाशी चालत नाही. आता प्रश्न उरला तो परका कोणाला म्हणावयाचे याचा. त्या बाईंना मी दुपारभर ताई म्हणत होतो. आपल्या भाषेत अनोळखी माणसाला हाक मारावयाची म्हटले तरी नाते जोडावे लागते. साहेब म्हणालो नाही तर दादा, मामा, काका, मावशी, ताई म्हणावे लागते. हे सारे नुसते बोलण्याचे असते, असे आपण म्हणतो. असेलही. पण मग ज्या क्षणी नात्याचा काही खर्च येतो, नेमक्या त्याच क्षणी ते बोलण्याचे कसे होते?

तिसरा मुद्दा मात्र हटेना. गाडी माळेगावला आली. यात्रेचे दिवस नव्हते. माळ रिकामा होता. १९७२ च्या दुष्काळातली यात्रा मला आठवली. त्या साली वैरण सोन्याच्या मोलाची झाली होती, आणि बैल मातीमोलाने जात होते. आमच्या मळ्याच्या विहिरीला थोडे पाणी होते, कडबा होता. वडिलांनी एक लाल कंधारी बैल निम्म्याहून कमी किमतीत घेतला. विकणाराने दावे हातात देण्यापूर्वी बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली आणि धोतराच्या सोग्यात बांधली. परत येताना मी म्हणालो, "बाबा, किती स्वस्त मिळाला!" वडील म्हणाले, "मिळाला नाही. त्याला द्यावा लागला." तो बैल आमच्याकडे पुष्कळ वर्षे होता, वडिलांनी त्याची किंमत कोणाला सांगितली नाही.

वडिलांनी चूक केली काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी घेतला नसता तर त्या बैलाचे काय झाले असते हे सांगावयास नको. शिवाय तेथे काहीच लपलेले नव्हते. बैलाचे मोल दोघांना माहीत होते, दुष्काळ दोघांना दिसत होता. विकणाराजवळ ज्ञान होते, पर्याय नव्हता. लातूरच्या ताईंजवळ पर्याय होता, ज्ञान नव्हते. आणि ते ज्ञान त्यांच्यासमोर चहा पीत बसले होते. वडिलांना दुसऱ्याची अडचण दूर करता येण्याजोगी नव्हती, तरी तिचा सल त्यांना राहिला. मला एका वाक्याने ती दूर करता येत होती, आणि मला मात्र आनंद झाला होता.

लोहा आले तेव्हा तिसऱ्या मुद्द्याचेही उत्तर दिसले. माझ्याजवळ पैसे मोजके आहेत, हे खरे. पण ही मर्यादा कोणाची? माझी. मग तिचा भार त्या बाईंनी का उचलावा? माझ्या हौशीला जे कमी पडते ते मी त्यांच्या अज्ञानातून भरून काढीत होतो. म्हणजे माझ्या हौशीचा खर्च त्या सोशीत होत्या, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. श्रीमंताची लबाडी आपल्याला चटकन दिसते. बेताच्या मिळकतीच्या माणसाची लबाडी दिसत नाही, कारण ती काटकसरीचे कपडे घालून येते. 'आम्ही साधी माणसे' या तीन शब्दांखाली आपण किती गोष्टी झाकतो! कामवालीचे दहा रुपये कापतो, भाजीवालीकडून वर कोथिंबीर उचलतो, नवा मालक म्हणून नाव लावण्याचा खर्च टाळून जुन्या मालकाच्याच नावावर गाडी चालवतो. त्या गाडीने कोणाला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. काटकसर आपली, जोखीम दुसऱ्याची.

घरी आलो. सौभाग्यवती दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडीत बसली होती. मी सारी हकीकत सांगितली. भाव सांगताना माझा आवाज थोडा उतरला असावा. तिने ताटातून मान वर न करता विचारले, "त्यांना माहीत आहे का, ती केवढ्याची आहे ते?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग या वेळी खडे तुम्ही घातलेत."

वाचकांना वाटेल, की मी त्याच रात्री फोन केला. तसे झाले नाही. मी नऊ दिवस गप्प बसलो. त्या नऊ दिवसांत मी टपाच्या कापडाचे नमुने मागवले, रंग ठरवला. सौदा हाही दोघांपुरताच असतो. रुमालाखाली तिसऱ्याचा हात नसतो, म्हणून तेथे कोणी पाहत नाही असे वाटते. पण तेथे असतात त्या दोघांपैकी एक आपणच असतो, आणि त्याला काही बाहेर काढता येत नाही.

दहाव्या दिवशी मी लातूरला फोन केला आणि ताईंना म्हणालो, "गाडीची किंमत तुम्ही फार कमी सांगितलीत. मला ते माहीत होते, पण मी बोललो नाही. तुम्ही आधी चौकशी करा." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "मुलाला विचारून सांगते." मुलगा हैदराबादला असतो. त्याने अडीच लाख सांगितले. ते योग्य नव्हते, आणि तेही मी सांगितले. खरे बोलण्याचा अर्थ वाटेल ते देणे असा नव्हे. शेवटी १ लाख ९० हजारांवर ठरले. ते माझ्या नियमात बसत होते, पण काठावर. आधी वारस म्हणून ताईंचे नाव लागले, मग माझे. सारे कागद पुरे झाल्यावरच गाडी नांदेडला आणली.

उरले १ लाख १० हजार. मिस्त्रीने हिशेब दिला १ लाख ४५ हजारांचा. ब्रेक, टायर, इंजिनाचे काम, नोंदणी, पर्यावरण कर, विमा यांतले काही सोडता येण्याजोगे नव्हते. सोडता येण्याजोगी एकच गोष्ट होती: ३५ हजारांचा टप. तो सोडला. रंगाचा तर प्रश्नच मिटला. त्यामुळे माझी गाडी आज बिनटपाची आहे. वैशाखात नांदेडच्या उन्हात तिच्यात बसणे म्हणजे तव्यावर बसणे; पावसाळ्याचे चार महिने तर ती अंगणातल्या पत्र्याखालीच उभी होती. शेजारी विचारतात, "गुरुजी, एवढे पैसे घातले, वर छप्पर नाही?" मी म्हणतो, "नाही परवडले." ते खरेच आहे.

सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो स्काएव्होला नावाच्या एका रोमन गृहस्थाची गोष्ट सांगतो. त्याला एक शेत घ्यावयाचे होते. विकणाराने किंमत सांगितली, तेव्हा हा म्हणाला, की माझ्या मते जमिनीचे मोल याहून जास्त आहे. आणि त्याने १ लाख नाणी वर दिली. सिसरो पुढे म्हणतो, की हा माणूस चांगला होता हे सारे मान्य करतात, शहाणा होता हे मात्र मानीत नाहीत; आणि चांगुलपणा व शहाणपण ही दोन वेगळी मानली, हेच सगळ्या अनर्थाचे मूळ. मला स्काएव्होलाच्या पंगतीत बसावयाचे नाही. त्याने ते जागच्या जागी केले. मला नऊ दिवस आणि तांदळाचे एक ताट लागले. शिवाय त्याच्याजवळ पैसे मुबलक असावेत. पण म्हणूनच मला वाटते, की हा प्रश्न खरा आमच्यासारख्यांचा आहे. ज्याला टपही परवडतो आणि खरेपणाही परवडतो, त्याला निवड करावीच लागत नाही.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर. तिनेच ते शोधून काढले. गाडी नीट चालू लागल्यावर तिने वहीच्या कागदावर एक वेळापत्रक केले आणि ते फ्रीजवर चिकटवले. मी चालवणार, बाकीच्या सहा जणांची पाळी. पाच जण राहतात ते खरे, पण ते उरत नाहीत, थांबतात. या वेळापत्रकामुळे मला एक नवा शोध लागला. सात माणसे एका मोटारीतून जातात तेव्हा कुटुंब प्रवास करते. दोघे जातात तेव्हा माणूस माणसाशी बोलतो. माझ्या मुलाशी मी गेल्या दहा वर्षांत जेवढे बोललो नसेन, तेवढे मागच्या महिन्यात नांदेड ते कंधार या रस्त्यावर बोललो. थोरल्या सुनेने डोक्याला पदर गुंडाळून घेतला आणि लोह्यापर्यंत आपल्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या. त्या मी पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. कारण मी कधी विचारले नव्हते.

या भाऊबीजेला लातूरला जाण्याचा विचार आहे. त्या गाडीतल्या दुसऱ्या जागेवर अनेक वर्षे ताई बसत होत्या. एक फेरी त्यांची आहे, असे नातीने वेळापत्रकात खाली वेगळ्या शाईने लिहिले आहे. परवा त्यांचा फोन आला होता. विचारीत होत्या, "भाऊ, टप बसवला का?" मी म्हणालो, "अजून नाही." त्या म्हणाल्या, "मग आभाळ बघून निघा."

आभाळ बघूनच निघणार आहे. पाऊस असला तर एस.टी.ने जाईन.